भुयार, रंगपेटी आणि एकतीस हजार निरोप

माझ्या दहा बोटांनी वीस वर्षांत एकही ओळ वाकडी लिहिलेली नाही. हे वाक्य मी आधीच लिहून टाकते, कारण पुढचं वाचल्यावर तुम्ही मला ते लिहू देणार नाही.

मी प्रोग्रॅम लिहिते. सुताराला रंधा, शिंप्याला कात्री, तसा आमच्या धंद्यात एडिटर. म्हणजे ज्यात आम्ही लिहितो तो. माझा एडिटर काळा आहे. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं, बस्स. बटणं नाहीत, चित्रं नाहीत, माऊस नावाच्या उंदराला तिथं प्रवेश नाही. सगळं बोटांनी. कुठली कळ दाबली की काय होतं हे मला कुणी विचारलं तर सांगता येत नाही, पण बोटांना विचारा, ती अंधारातसुद्धा बिनचूक जातात. पहिल्या वर्षी मीच त्याच्यावर दोन ओळी रचल्या होत्या, त्या अजून टेबलाच्या काचेखाली आहेत:

काळं माझं अंगण, हिरवी अक्षरं नांदती,
बघायाची गरज नाही, बोटं वाटा सांगती.

माझ्या समोरच्या टेबलावर लंब्या बसतो. सहा फूट दोन इंच, खुर्चीत मावत नाही, म्हणून अर्धा टेबलाखाली असतो. कामाला वाघ. मला ताई म्हणतो आणि ताईच्या एडिटरला ‘भुयार’ म्हणतो. त्याच्याकडचं ते नवं प्रकरण. प्रत्येक शब्दाला वेगळा रंग, डावीकडे खिडकी, उजवीकडे खिडकी, खाली पट्टी, वर फीत. मी त्याला ‘रंगपेटी’ म्हणते. सकाळी आल्या आल्या तो विचारणार, ताई, आज भुयारात कंदील नेला का? मी म्हणणार, आम्हाला वाट माहीत असते रे, पाट्या वाचत चालायची वेळ तुमच्यावर. मग दोघं कामाला लागणार. चार वर्षं हेच. ज्या दिवशी हे बोलणं होत नाही त्या दिवशी दोघांपैकी एक आजारी आहे असं समजावं.

आता या भांडणातली खरी गोम. प्रोग्रॅमच्या ओळी समासापासून थोड्या आत सरकवून लिहाव्या लागतात. आत सरकवायच्या रीती दोन: टॅबची कळ एकदा दाबा, नाही तर स्पेसची चार वेळा. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. पण माझं भुयार फाईल सेव्ह करताना सगळीकडे टॅब घालतं, आणि रंगपेटी सगळीकडे स्पेस घालते. आणि आम्ही दोघं काम करतो एकाच फाईलवर. सकाळी लंब्या एक शब्द बदलायचा की बाराशे ओळींचे टॅब जाऊन स्पेस यायच्या. दुपारी मी एक शब्द बदलला की बाराशे ओळी पुन्हा टॅबवर. दोन जावांनी एकाच फडताळातली भांडी दिवसातून दोनदा आपापल्या रीतीनं लावावीत, तसं. एवढी सेटिंग बदलायला अर्धं मिनिट पुरतं. पण बदलायची कुणी? मी का बदलू? तो का बदलेल?

यात होरपळले ते तपासनीस काका. आम्ही केलेला बदल वाचायचा आणि ठीक असेल तर पुढं सोडायचा, हे त्यांचं काम. त्यांच्या पडद्यावर बदललेल्या ओळी जुन्या लाल आणि नव्या हिरव्या दिसतात. रोज बाराशे लाल, बाराशे हिरव्या. पहिला महिना काकांनी एकेक ओळ वाचली. दुसऱ्या महिन्यात त्यांचा चष्म्याचा नंबर वाढला. तिसऱ्या महिन्यात त्यांनी आम्हा दोघांना उभं करून सांगितलं, की हे तुमचं रोजचं धुणं आहे, मी काय एकेक सदरा उलगडून बघत बसू? तेव्हापासून आमची फाईल आली की ते फक्त विचारत, धुणं का? आम्ही म्हणायचो, धुणं. आणि ती पुढं जायची.

ती फाईल होती शहरातल्या मोठ्या वाचनालयाची. ज्या सभासदाच्या पुस्तकाची मुदत संपली असेल त्याच्या फोनवर दर शनिवारी सकाळी निरोप जायचा. एवढंसं काम. पण चोख चाललं होतं.

मग एका गुरुवारी साहेबांनी बोलावलं. पुढच्या महिन्यात आठ नवी माणसं येणार होती आणि त्यांना काय शिकवायचं हा प्रश्न होता. साहेब स्वतः पत्रांपलीकडे काही लिहीत नाहीत. एडिटर नावाची वस्तू असते हे त्यांना आमच्या भांडणातूनच कळलं. ते म्हणाले, आता पुरे झालं. सोमवारी दोघांनी एकमेकांच्या एडिटरमधले दोष लिहून आणायचे. मी एक निवडणार. दुसरा या इमारतीतून जाणार. सगळ्यांनी एकच वापरायचा.

लंब्या माझ्याकडे बघून हसला. मीही हसले, पण माझ्या बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या. वीस वर्षं जिथं नांदले ते घर सोमवारी रिकामं करायचं? चाळिशी ओलांडलेल्या बोटांनी नव्यानं पाढे गिरवायचे? छे. मी ठरवलं, दोषांची अशी यादी नेईन की साहेबांना कागद धरायला दोन हात लागतील.

पण दोष काढायचे तर आधी वस्तू बघायला हवी. चार वर्षं मी रंगपेटीला नावं ठेवत होते, पण तिच्यात कधी पाऊल ठेवलं नव्हतं. शुक्रवारी दुपारी साहेब, काका आणि लंब्या वाचनालयात बैठकीला गेले. खोलीत मी एकटी. मी पडदा वळवून त्याची पाठ दाराकडे केली आणि रंगपेटी गुपचूप माझ्या मशीनवर उतरवून घेतली. शेजारणीच्या घरात ती नसताना शिरावं आणि डबे उघडून बघावेत, तसं वाटत होतं. कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘दोष’. खाली एकचा आकडा घातला आणि पहिला दोष लिहिला: रंग फार.

मग जरा आत गेले. एका नावावर माऊसचा बाण नुसता ठेवला, तर ते नाव कुठं जन्मलं, कुठं कुठं नांदतंय, त्याला कोण हाक मारतं, अशी सगळी सोयरीक समोर आली. मी बाण काढला. पुन्हा ठेवला. प्रोग्रॅमचा लांबलचक तुकडा एका टिचकीसरशी दुमडून ठेवता येत होता, उन्हात वाळलेल्या चादरीसारखा. मी दुमडला. उलगडला. दुमडला. म्हटलं, दोष सापडायला वेळ लागणारच, घाई काय आहे.

तेवढ्यात आठवलं, की ग्रंथपाल बाईंनी निरोपातली भाषा मऊ करायला सांगितली होती. एका शब्दाचं काम. म्हटलं, परीक्षाच घ्यायची तर इथंच करून बघू. वाचनालयाची फाईल उघडली, निरोप धाडायच्या ओळीवर गेले, ‘ताबडतोब’ काढून ‘कृपया’ घातलं. मग सवयीनं मागच्या पानावर जायला शिफ्ट आणि टॅब या दोन कळा एकत्र दाबल्या. माझ्या भुयारात मी त्यांना तसं शिकवून ठेवलंय. इथं पान काही मागं गेलं नाही. म्हटलं, बघा, हा दोष! आणि तो दोन नंबरला लिहिला.

पुढं आणखी आकडे घालत होते, एवढ्यात जिन्यात लंब्याचं हसणं ऐकू आलं. मी घाबरून सगळं बंद केलं. रंगपेटी स्वतःच सेव्ह करते, विचारतसुद्धा नाही. मग लक्षात आलं, अरे देवा, फाईलभर तिच्या स्पेस राहिल्या असतील. काकांना कळेल मी कुठं जाऊन आले ते. म्हणून घाईघाईनं तीच फाईल भुयारात उघडून सेव्ह केली. बाराशे ओळी टॅबच्या झाल्या, पावलं पुसली गेली. फाईल पुढं ढकलली. काकांनी दारातूनच विचारलं, धुणं का? मी म्हटलं, धुणं. घड्याळ बघितलं तर पावणेदोन तास गेले होते.

शनिवारी सकाळी नऊ वाजता स्वयंपाकघरात सासूबाईंचा फोन वाजला. सासूबाई म्हणजे घड्याळाच्या आधी उठणाऱ्या आणि कॅलेंडरच्या आधी पुस्तक परत करणाऱ्या. त्यांनी निरोप वाचला, चष्मा काढून पुसला, परत वाचला. ‘आपल्याकडील पुस्तकाची मुदत संपली आहे. कृपया ते आजच परत करावे.’

“मी?” त्या म्हणाल्या. “मी आयुष्यात कुणाची टाचणी ठेवून घेतलेली नाही.”

मी समजूत घालायला गेले, की काहीतरी गफलत असेल. त्यावर त्यांनी मला विचारलं, की ही वाचनालयाची कामं तुमच्याच ऑफिसात होतात ना? मी म्हटलं, हो, पण तो विभाग वेगळा. देवानं जीभ दिली आहे ती अशा वेळी अशीच चालते. सासूबाईंनी आपली दोन्ही कपाटं उपसली, पुस्तक नाही याची खात्री केली, आणि पदर खोचून निघाल्या. मागोमाग माझा फोन वाजला. साहेब. वाचनालयात ये, एवढंच म्हणाले आणि ठेवून दिला.

वाचनालयाच्या पायऱ्यांवरून सुरू झालेली रांग पुढच्या चौकाला वळसा घालून परत पायऱ्यांशी आली होती, त्यामुळं कुणाचं तोंड कुठं आणि शेपूट कुठं हे कळेना. निरोप सगळ्या सभासदांना गेला होता. एकतीस हजार. पुस्तक न नेलेल्यांना, परत केलेल्यांना, गाव सोडून गेलेल्यांना, परवाच नाव नोंदवलेल्यांना. एक गृहस्थ हातगाडीभर पुस्तकं घेऊन आले होते. म्हणत होते, यातलं तुमचं कुठलं ते तुम्हीच शोधा. तीन वर्षांपासून वेगळं राहणारं एक जोडपं ‘ते पुस्तक तुझ्याकडे राहिलं असेल’ म्हणून एकमेकांना फोन करून आलं होतं आणि आता एकाच छत्रीच्या सावलीत उभं राहून हळू आवाजात भांडत होतं. भांडण बरं चाललं होतं असं मला वाटलं.

आणि या सगळ्या लोकांना शिस्त लावत होत्या आमच्या सासूबाई. पुस्तकवाले डावीकडे, अपमानित उजवीकडे. उजवी रांग मोठी होती. पायरीवर उभं राहून त्यांनी जमावाला एकच सवाल केला:

“ज्यानं हे केलं, त्याच्या घरी वडीलधारं कुणी नाही का?”

मी त्यांच्या मागून, खांबाच्या आडोशानं, चोरासारखी आत शिरले.

आतल्या खोलीत कपाटांच्या मधे बसून फाईल उघडली. आणि दिसलं. आमच्या या प्रोग्रॅममध्ये ओळ किती आत आहे यावर ती कुणाची हे ठरतं. ‘मुदत संपली असेल तर’ ही ओळ म्हणजे घराचं दार. तिच्याखाली आत सरकवलेल्या ओळी म्हणजे त्या घरची माणसं. त्या अटीपुरत्याच बोलतात. निरोप धाडायची ओळ आतली होती. आता ती एक पाऊल डावीकडे, दाराबाहेर येऊन उभी होती. घराबाहेर पडल्यामुळं तिला अट उरली नव्हती, आणि ती दिसेल त्याला निरोप देत सुटली होती.

शिफ्ट आणि टॅब. माझ्या भुयारात त्याचा अर्थ मागचं पान. रंगपेटीत त्याचा अर्थ ओळ एक पाऊल बाहेर काढा. पान हललं नव्हतं, ओळ हलली होती. आणि बाराशे ओळींच्या धुण्यात ती एक ओळ काकांना दिसणं शक्यच नव्हतं.

दुरुस्तीला दहा सेकंद लागले. ग्रंथपाल बाई संध्याकाळपर्यंत पुस्तकं मोजत बसल्या होत्या. मी क्षमा मागायला गेले तर त्यांनी मान वर न करता सांगितलं, की कायमची गेली म्हणून सोडून दिलेली दोनशे बारा पुस्तकं परत आली आहेत, आणि असा निरोप वर्षातून एकदा पाठवता येईल का.

पण साहेबांचा पारा काही उतरला नाही. त्यांनी काकांना छडा लावायला सांगितला आणि सोमवारचा निकाल त्यालाच बांधून टाकला: ज्या एडिटरनं ही ओळ बाहेर काढली, तो एडिटर जाणार.

रविवारी मी जेवले की नाही ते आठवत नाही. सासूबाईंनी दोनदा विचारलं, माणूस सापडला का. मी म्हटलं, उद्या सापडेल.

सोमवारी काकांनी पडदा लावला. लाल, हिरवं, लाल, हिरवं. मधली एक ओळ त्यांनी बोटानं दाखवली. नाव ताईंचं, म्हणाले, आणि शिवणही ताईंचीच. या फाईलीत सगळीकडे टॅब आहेत, म्हणजे ती भुयारातूनच आली. लंब्या काही बोलला नाही. जिंकलेल्या माणसानं गप्प बसावं यासारखा दुसरा छळ नाही.

साहेब म्हणाले, मग ठरलं. आजपासून रंगपेटी.

तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? गप्प बसले असते तर चूक एवढीच ठरली असती की एक कळ चुकली, कुणाचीही चुकते. अब्रू शाबूत राहिली असती. पण माझ्या भुयारावर, ज्यानं वीस वर्षांत मला एकदाही फसवलं नाही, त्याच्यावर खोटा आळ घेऊन त्याला दाराबाहेर काढणार? आणि मी बघत उभी राहणार? मी उठले.

“भुयाराचा दोष नाही,” मी म्हटलं. “ओळ रंगपेटीत हलली.”

लंब्या खुर्चीतून सरळ झाला. चार वर्षांत पहिल्यांदा तो पुरता दिसला. “ताई, शुक्रवारी सकाळनंतर मी फाईलला हातसुद्धा लावला नाही.”

“तू नाही. मी. मी रंगपेटी उघडली होती.”

एकतीस हजार लोकांना चुकीचा निरोप गेला तेव्हा सुद्धा कुणाचं तोंड एवढं उघडं राहिलं नव्हतं.

“किती वेळ?” लंब्यानं विचारलं.

“दोष शोधत होते.”

“किती वेळ, ताई?”

“पावणेदोन तास.”

साहेबांनी पुरावा मागितला, कारण त्यांना वाटलं मी एडिटर वाचवायला थाप मारते आहे. पुरावा म्हणून पर्समधला कागद काढून द्यावा लागला. साहेबांनी तो मोठ्यानं वाचला. ‘दोष. एक, रंग फार. दोन, शिफ्ट-टॅबनं मागं जात नाही. तीन, तुकडे दुमडता येतात, हे आपल्याकडे कसं जमेल ते बघणे. चार, निळा रंग डोळ्यांना गार वाटतो.’ पाच नंबर नुसताच लिहिलेला होता, पुढं काही नव्हतं. बहुधा तेव्हाच लंब्याचं हसणं ऐकू आलं.

मी मान खाली घातली नाही. म्हटलं, हो, गेले होते. शत्रूच्या किल्ल्यात गेल्याशिवाय बुरूज कळत नाहीत. आणि बुरूज बरे आहेत, तेही सांगते. पण राहायला मी माझ्याच घरी राहणार. हवं तर मला काढा. भुयाराला हात लावायचा नाही.

लंब्यानं साहेबांच्या हातातून तो कागद घेतला आणि घडी घालून मला परत दिला. मग तो साहेबांना म्हणाला, “भुयार राहू द्या. ताईंनी स्वतःचं नाव घालवून सोडवलंय ते.”

साहेबांनी कपाळ चोळलं. शेवटी निकाल असा झाला: दोन्ही राहतील, पण फाईलीत सगळ्यांनी स्पेसच घालायच्या, आणि काका प्रत्येक सदरा उलगडून बघणार. मी भुयाराला स्पेस घालायला शिकवलं. अर्धं मिनिट लागलं. घरी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या की वडीलधारं माणूस घरी होतं, पण त्याला कुणी विचारलं नाही.

तर सांगायचं ते हे, की मी हरले नाही. भुयार आहे, मी आहे, हिरवी अक्षरं आहेत. आठ नवी माणसंही आली आहेत. आता ज्याला दोन्ही एडिटर येतात असं ऑफिसात एकच माणूस आहे म्हणे, म्हणून दर मंगळवारी अकरा वाजता त्यांना रंगपेटी शिकवायचं काम माझ्याकडे दिलं आहे. मी शिकवते. पण शिकवताना खुर्चीला पाठ टेकवत नाही. तेवढा बाणा आहे अजून.